पिकअप गाडीचे खरे ॲव्हरेज : एक व्यवहारोपयोगी अभ्यास

महोत्सवी स्मरणिकेत पिकअप गाडीच्या तेलपाण्याविषयी लेख कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. परंतु आपल्या न्यासाच्या सभासदांची यादी डोळ्यांपुढे आणली, तर तिच्यात भाजीचे व्यापारी आहेत, फर्निचर व फरशीचे धंदेवाले आहेत, दूध, अंडी व बेकरीचा माल पोहोचविणारे आहेत, आणि हप्त्यांवर घेतलेल्या एका गाडीवर सारे घर चालविणारे तरुणही आहेत. या सर्वांच्या तोंडी एक प्रश्न नेहमी असतो : “गाडी किती देते?” या प्रश्नाचे उत्तर कंपनीच्या पत्रकात एक, गाडीतल्या काट्यावर दुसरे आणि पंपावरच्या पावत्यांत तिसरे निघते. ही तीन उत्तरे वेगळी का, त्यांपैकी कोणत्यावर विश्वास ठेवावा आणि खरे उत्तर आपले आपण कसे काढावे, एवढाच या लेखाचा विषय आहे. त्यासाठी सातवी-आठवीचे गणित पुरेसे आहे.

प्रथम या प्रश्नाचे मोल पाहू. समजा, एका तरुणाने पत्रकातला लिटरला १५ कि.मी. हा आकडा धरून २५० कि.मी. च्या जाण्यायेण्याचे भाडे ठरविले. डिझेलचा भाव हिशेबाच्या सोयीसाठी ९० रुपये धरू. त्याच्या मते इंधनाचा खर्च १,५०० रुपये. प्रत्यक्षात भरलेली गाडी १० कि.मी. देते. मग खर्च होतो २,२५० रुपये. खेपेमागे ७५० रुपयांची तूट. महिन्याला अशा २० खेपा झाल्या, तर १५,००० रुपये. कित्येक घरांत गाडीचा हप्ताच जवळपास एवढा असतो. माणूस पहाटेपासून रात्रीपर्यंत राबतो, गाडी एक दिवस उभी राहत नाही, आणि तरी हप्ता थकतो. त्याला वाटते नशीब खोटे. वस्तुतः भाडे ठरविताना धरलेला आकडाच खोटा होता.

१. कंपनीचा आकडा कोठून येतो?

कित्येकांची अशी समजूत असते की, कंपनीची माणसे गाडी रस्त्यावर चालवून हा आकडा काढतात, किंवा तो मनानेच ठोकून देतात. दोन्ही समजुती बरोबर नाहीत. चाचणी होते ती बंद खोलीत. गाडीची चाके मोठ्या फिरत्या रोलरांवर ठेवतात. गाडी जागची हलत नाही, पण चाके फिरतात. चालक समोरच्या पडद्यावर दाखविलेल्या वेळापत्रकाप्रमाणे वेग वाढवितो, कमी करतो, थांबतो. धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूंतील कार्बन मोजून किती इंधन जळले हे ठरवितात.

मग खोलीत वारा नाही, चढ नाही. तेव्हा हवेचा व टायरांचा विरोध कसा धरतात? त्यासाठी गाडी आधी एका लांब सपाट मार्गावर मोठ्या वेगाने नेऊन गिअर मोकळा करतात आणि ती आपोआप किती वेळात मंदावते हे मोजतात. त्या मोजणीवरून रोलरांना तेवढाच विरोध करावयास लावतात. ही मोजणी चुकली की पुढचे सर्व चुकते. नोव्हेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत ह्युंदाई व किया या कंपन्यांना सुमारे ९ लाख गाड्यांचे छापील आकडे खाली आणावे लागले, ते याच मोजणीतील दोषांमुळे. पुढे २०१४ साली त्यांना १० कोटी डॉलरांचा दंडही झाला. त्या गाड्या पिकअप नव्हत्या, पण रीत तीच.

पिकअप गाड्यांचे माहेरघर म्हणजे अमेरिका. तेथे १९७३ च्या तेलटंचाईनंतर, १९७५ साली, गाड्यांच्या इंधनखर्चावर मर्यादा घालणारा कायदा झाला. शहराची एक व महामार्गाची एक अशा दोन चाचण्या ठरल्या. महामार्गाच्या चाचणीत सरासरी वेग ताशी सुमारे ७८ कि.मी. आणि सर्वाधिक वेग ९७ कि.मी. च्या आत. थोड्याच वर्षांत लोकांच्या तक्रारी सुरू झाल्या की, गाडी छापल्याप्रमाणे देत नाही. म्हणून १९८५ सालच्या गाड्यांपासून शहराचा आकडा १० टक्क्यांनी व महामार्गाचा २२ टक्क्यांनी कमी करून छापू लागले. तेवढ्यानेही भागले नाही. २००८ च्या गाड्यांपासून आणखी तीन चाचण्यांचा हिशेब त्यात मिळविला : ताशी सुमारे १२९ कि.मी. पर्यंत जोरात हाकण्याची एक, ३५ अंश उष्णतेत वातानुकूलन चालू ठेवून एक, आणि शून्याखाली ७ अंश थंडीत एक. म्हणजे सरकारनेच दोनदा मान्य केले की खोलीतला आकडा व रस्त्यावरचा आकडा यांत अंतर आहे.

आपल्या देशात हे काम करणारी प्रमुख संस्था पुण्यास आहे. ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजेच ‘एआरएआय’, १९६६ साली स्थापन झाली. विक्रेता “ए.आर.ए.आय. चे मायलेज” म्हणून जो आकडा सांगतो तो अशाच चाचणीचा असतो. हलक्या गाड्यांसाठी अनेक वर्षे वापरलेल्या भारतीय चाचणीक्रमात सर्वाधिक वेग ताशी ९० कि.मी. आहे. तेथे खड्डे नाहीत, घाट नाही, रेल्वे फाटक नाही, आणि बाजाराच्या तोंडाशी अर्धा तास उभे राहणेही नाही. सबब हा आकडा खोटा म्हणू नये. तो दोन गाड्यांची तुलना करण्यासाठी आहे. सर्व मुलांना एकच प्रश्नपत्रिका द्यावी तसे हे आहे. परीक्षेत पहिला कोण हे त्यावरून कळते. पण दुकानाचा गल्ला तो कसा सांभाळील हे कळत नाही.

पिकअपच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावयाची. अमेरिकेच्या चाचणीत गाडीच्या स्वतःच्या वजनावर केवळ १३६ किलोंचा भार धरतात, म्हणजे जेमतेम दोन माणसे. हौद्यात माल नाही, मागे ट्रेलर नाही. ज्या कामासाठी गाडी घेतली ते काम वगळून काढलेला हा आकडा आहे. आणि भारासह एकूण वजन ३,८५५ किलोंहून अधिक असलेल्या मोठ्या पिकअपवर तर तेथे इंधनाचा आकडा छापण्याची सक्तीच नाही. सर्वांत जास्त तेल पिणाऱ्या गाडीच्या काचेवर हा आकडा नसतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

२. इंधन जाते कोठे?

डिझेलच्या एका लिटरमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल, म्हणजे ३६ दशलक्ष ज्यूल ऊर्जा असते. तिच्यातील मोठा वाटा उष्णतेच्या रूपाने धुराड्यातून व रेडिएटरमधून निघून जातो. चाकांपर्यंत पोहोचते ती साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढी. आपण १२ मेगाज्यूल धरू. ही ऊर्जा चार ठिकाणी खर्च होते : हवा, टायर, चढ आणि ब्रेक.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट केला की विरोध चौपट. टायरांचा विरोध वजनाच्या प्रमाणात असतो आणि वेगाने फारसा बदलत नाही. मालासह २,८०० किलो वजनाची, पुढून चौकोनी अशी एक पिकअप घेऊ. सपाट रस्त्यावर तिला मागे ओढणारा जोर किती किलो वजनाइतका आहे, याचे अंदाजी गणित असे येते :

ताशी ६० कि.मी. वेगाला : टायर २८, हवा २१, एकूण ४९ किलो.
ताशी ८० कि.मी. वेगाला : टायर २८, हवा ३८, एकूण ६६ किलो.
ताशी १०० कि.मी. वेगाला : टायर २८, हवा ५९, एकूण ८७ किलो.

पाहा, ८० चा वेग १०० केला तर दर किलोमीटरला लागणारे काम सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले. इंधन बरोबर तेवढेच वाढेल असे नाही, कारण इंजिनाची कार्यक्षमताही वेग व भार यांप्रमाणे बदलते. पण दिशा तीच राहते. १०० कि.मी. च्या रस्त्यावर या घाईने वाचतात १५ मिनिटे. ती १५ मिनिटे किती रुपयांना पडली, हे ज्याचे त्याने ठरवावे.

ब्रेकचे गणित निराळे. गाडीला वेग देण्यासाठी खर्चलेली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या व वजनाच्या प्रमाणात असते, आणि ब्रेक दाबताच तिची उष्णता होऊन ती वाया जाते. शहरात प्रत्येक चौकात हाच प्रकार घडतो. म्हणून भरलेली गाडी शहरात सर्वांत कमी देते. अमेरिकन सरकारच्या माहितीप्रमाणे, एकदम रेस देणे व एकदम ब्रेक मारणे या सवयीने महामार्गावर १५ ते ३० टक्के आणि थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत १० ते ४० टक्के ॲव्हरेज घटते. इतका मोठा फरक दुसऱ्या कोणत्याही एका सवयीने पडत नाही.

३. घाटाचे गणित

बेळगावहून गोव्याकडे भाजीपाल्याच्या गाड्या रोज उतरतात. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर, तर पणजी समुद्रकाठी. तेव्हा घाटात किती इंधन जाते याचे उत्तर आपणांस घरबसल्या काढता येते. वस्तू वर नेण्यास लागणारी ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले ९.८ गुणिले उंची.

रिकामी गाडी १,७०० किलो : १,७०० × ९.८ × ७५० = सुमारे १२.५ मेगाज्यूल. भागिले १२, म्हणजे सुमारे १ लिटर.
भरलेली गाडी २,८०० किलो : सुमारे २०.६ मेगाज्यूल, म्हणजे सुमारे १.७ लिटर.

सपाट रस्त्याला जे इंधन लागले असते त्यावर हे जादा. भाजीवाल्याची गाडी भरलेली खाली जाते व रिकामी वर येते, हे त्याचे भाग्य. पण गोव्याहून माल भरून वर आणणाऱ्यास दर खेपेला सुमारे ०.७ लिटर अधिक लागणारच. महिन्याच्या २५ खेपांत हे १७ ते १८ लिटर झाले. दोघांच्या गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच वर्षाच्या, दोघेही चालक चांगले. तरी ॲव्हरेज वेगळे. एकाने दुसऱ्याच्या आकड्यावरून आपल्या गाडीला दोष देऊ नये.

उतरताना चढाचे इंधन परत मिळते का? थोडे मिळते. सौम्य उतारावर वजनच गाडीला पुढे ढकलते. आजच्या इंजिनांत गिअर घालून रेस सोडली की इंधनाचा पुरवठा जवळजवळ बंदच होतो. परंतु तीव्र उतारावर ब्रेकमध्ये गेलेली ऊर्जा परत येत नाही. काही चालक इंधन वाचविण्यासाठी घाटात गिअर मोकळा करून गाडी सोडतात. हे सर्वस्वी चूक आहे. मोकळ्या गिअरात इंजिन चालू ठेवण्यास उलट थोडे इंधन लागतेच, आणि सारा भार ब्रेकवर पडून ते तापतात व निकामी होतात. चार पैशांसाठी जिवाचा सौदा करू नये.

४. नव्या गाड्यांनी काय साधले?

अमेरिकेच्या सरकारी अहवालांप्रमाणे १९७५ साली नवी पिकअप सरासरी एका गॅलनला सुमारे १२ मैल देत असे, म्हणजे लिटरला सुमारे ५.१ कि.मी. २०२२ च्या सुमारास हा आकडा २० मैलांच्या आसपास, म्हणजे ८.५ कि.मी. झाला. जवळजवळ अर्धशतकात दोन-तृतीयांश वाढ. दरम्यान इंजिनांची शक्ती दुपटीहून अधिक झाली. म्हणजे तंत्रज्ञानाने जे कमावले, त्यातील बराच भाग ग्राहकाने जोर व आकार वाढविण्यात खर्च केला.

तंत्रे कोणती? मोठ्या इंजिनाच्या जागी लहान इंजिन घालून त्याला टर्बोने जादा हवा पुरविणे, हे एक. फोर्डने २०११ पासून एफ-१५० मध्ये असे इंजिन दिले. रिकाम्या गाडीत ते काटकसर करते. पण भार ओढताना तेच इंजिन मोठ्याइतके, कधी त्याहून अधिक पिते, कारण जोर हवा तर इंधन जाळावेच लागते. २०१५ च्या एफ-१५० चे अंग ॲल्युमिनियमचे केले आणि वजन सुमारे ३०० किलोंपर्यंत घटविले. २०१७ पासून दहा गिअरांची स्वयंचलित पेटी आली. जनरल मोटर्सच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनांत, भार नसेल तेव्हा काही सिलिंडर झोपविण्याची सोय झाली. या सर्व युक्त्यांचा लाभ मुख्यतः हलक्या भाराला मिळतो, हे सूत्र पक्के ध्यानात धरावे.

आता दोन गाड्यांचे छापील आकडे शेजारी ठेवू. २०२० ची शेव्हरोले सिल्व्हराडो, तीन लिटरचे डिझेल इंजिन, मागील दोन चाकांस गती : शहरात लिटरला ९.८, महामार्गावर १४ कि.मी. २०२२ ची फोर्ड मॅव्हरिक, ही लहान संकरित पिकअप, म्हणजे पेट्रोल व विजेची मोटार दोन्ही असलेली : शहरात १७.९, महामार्गावर १४ कि.मी. पहिली महामार्गावर अधिक देते; दुसरी शहरात! असे का? संकरित गाडी ब्रेक लावताना मोटारीलाच जनित्र बनविते व वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत भरून ठेवते. जेथे ब्रेक अधिक तेथे तिचा लाभ अधिक. महामार्गावर ब्रेकच नाही, तर परत काय मिळवावयाचे? गाडी घेण्यापूर्वी “कोणती चांगली” हे न विचारता “माझा रस्ता कोणता” हे विचारावे, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा नको.

आपल्याकडील नव्या डिझेल गाड्यांविषयीही एक सूचना. १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ नियम आले. त्या गाड्यांत धुरातील काजळी अडविणारी एक जाळी असते. काजळी साठली की गाडी थोडे जादा इंधन जाळून ती साफ करते. त्यासाठी इंजिन बराच वेळ गरम चालावे लागते. रोज दोन-तीन कि.मी. च्या तुकड्यांत फिरणाऱ्या गाडीत ही साफसफाई अर्धवट राहते, जाळी तुंबते आणि ॲव्हरेजही घटते. ज्यांचे काम केवळ गल्लीबोळांतले आहे, त्यांनी घेण्यापूर्वी याचा विचार करावा. पेट्रोल गाडीवाल्यांनी हे जाणावे की, इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांश ऊर्जा कमी असते. २०२५ साली देशात मिश्रण २० टक्क्यांवर पोहोचले. तेव्हा शुद्ध पेट्रोलच्या मानाने लिटरमागची ऊर्जा सुमारे ६ ते ७ टक्के कमी झाली.

५. आपले ॲव्हरेज आपण मोजावे

रीत सोपी आहे. एका पंपावर नोझल आपोआप बंद पडेपर्यंत टाकी भरावी. मीटरचा आकडा वहीत लिहावा. नेहमीप्रमाणे गाडी चालवावी. पुन्हा शक्यतो त्याच पंपावर, त्याच रीतीने टाकी भरावी. दोन आकड्यांतील फरक म्हणजे किलोमीटर. दुसऱ्यांदा बसलेले लिटर म्हणजे खर्च. एका वेळच्या मोजणीवर विसंबू नये, कारण टाकी प्रत्येक वेळी सारखीच भरेल असे नाही. निदान पाच वेळा करावी. मापाबाहेरचे टायर बसविले असतील तर किलोमीटरचा आकडाही चुकतो. महामार्गावरील दगडांशी तो एकदा ताडून पाहावा.

येथे एक चूक शिकलेली माणसेही करतात. समजा जाताना गाडीने १४ दिले व येताना ९ दिले, अंतर सारखेच. सरासरी किती? कोणीही म्हणेल, साडेअकरा. पण १२६ कि.मी. चे अंतर धरून पाहा. जाताना ९ लिटर, येताना १४ लिटर, २५२ कि.मी. ला २३ लिटर, म्हणजे १०.९६. सरासऱ्यांची सरासरी काढू नये. एकूण किलोमीटरांस एकूण लिटरांनी भागावे.

दुसरा भ्रम याहून सूक्ष्म आहे. २००८ साली रिचर्ड लॅरिक व जॅक सोल या अमेरिकन संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात तो दाखवून दिला. मोठी गाडी ५ ऐवजी ६ देऊ लागली, आणि लहान गाडी १५ ऐवजी १८ देऊ लागली, तर अधिक बचत कोठे? वाढ दोन्हीकडे २० टक्के. पण डोळ्यांना दुसरी मोठी दिसते. ३०,००० कि.मी. चा हिशेब करा. मोठ्या गाडीचे ६,००० लिटर ५,००० वर आले : बचत १,००० लिटर. लहान गाडीचे २,००० लिटर १,६६७ वर आले : बचत ३३३ लिटर. तात्पर्य, जी गाडी कमी देते तिच्यातील लहानशी सुधारणाही मोलाची. म्हणून “लिटरला किती कि.मी.” यापेक्षा “१०० कि.मी. ला किती लिटर” हा हिशेब धंद्यास अधिक उपयोगी पडतो.

६. मालक आणि चालक

या वहीचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो पैशांहून मोठा आहे. पत्रकात १५ लिहिले आहे व गाडी ११ देते, एवढ्यावरून मालकाच्या मनात चालकाविषयी संशय येतो : डिझेल काढून विकले असेल. चालक शपथा घेतो, मालक मान हलवितो. अखेर एका प्रामाणिक माणसाची भाकरी जाते आणि त्याच्यावर कायमचा शिक्का बसतो. घाट, भार, रहदारी व उभ्या गाडीत चालू ठेवलेले इंजिन यांनी एवढा फरक सहज पडतो, हे आपण वर पाहिलेच. नवा चालक ठेवताना मालकाने आठवडाभर त्याच्या शेजारी बसून, त्याच रस्त्यावर, त्याच भाराने खरा आकडा काढावा आणि तो दोघांच्या सहीने वहीत लिहावा. पुढे आकडा घटला तर आधी टायरची हवा, चिकटणारे ब्रेक व हवेची जाळी तपासावी आणि मगच माणसाकडे पाहावे. आणि खरोखरच कोणी लबाडी करीत असेल, तर तीही याच वहीत उघडी पडेल. हिशेब हा दोघांचाही साक्षीदार असतो.

७. काही व्यावहारिक सूचना

(१) टायरची हवा आठवड्यास तपासावी. चारही टायरांत एक-एक पौंड हवा कमी झाल्यास सुमारे ०.२ टक्के ॲव्हरेज घटते. फरक लहान, पण पौंड दहा झाले की तो दोन टक्के होतो, आणि टायर झिजतो तो वेगळा.

(२) उभ्या गाडीचे इंजिन बंद ठेवावे. अमेरिकन माहितीप्रमाणे इंजिनाच्या आकारानुसार तासाला सुमारे एक ते दोन लिटर नुसते उभे राहण्यात जातात. आपली लहान डिझेल इंजिने याहून कमी घेतात, पण शून्य घेत नाहीत.

(३) नको असलेले सामान हौद्यात बाळगू नये. दर ४५ किलोंमागे सुमारे एक टक्का ॲव्हरेज घटते, असा त्याच देशाचा अंदाज आहे. लहान गाडीत हा परिणाम अधिक जाणवतो.

(४) माल टपाच्या वर रचू नये, आणि ताडपत्री फडफडू देऊ नये. वाऱ्याला जेवढे अंग दाखवाल तेवढी किंमत मोजाल.

(५) रिकाम्या गाडीचा मागचा फाळका पाडून ठेवल्याने वारा निघून जातो व ॲव्हरेज वाढते, ही समजूत चूक आहे. फाळका लावलेला असता हौद्यात हवेचा एक भोवरा तयार होतो व वरचा वारा त्यावरून घसरत जातो. पाडल्याने सहसा लाभ होत नाही. उलट तोटा होऊ शकतो.

(६) भाडे ठरविताना आपल्याच वहीतील, भरलेल्या गाडीचा, वाईटात वाईट महिन्याचा आकडा धरावा. चांगला महिना आला तर ती बचत. वाईट आला तर निदान घरची पुंजी मोडणार नाही.

घरी सोडविण्याची उदाहरणे

पुढील उदाहरणे घरातील शाळकरी मुलामुलींकडून सोडवून घ्यावीत. वडिलांच्या धंद्याचे गणित मुलांस कळू लागले, तर पुस्तकातले गणितही त्यांना परके वाटणार नाही.

१. एका गाडीने तीन वेळच्या भरण्यांत अनुक्रमे ३५ लिटरांत ३८५, २५ लिटरांत ३०० आणि ४० लिटरांत ३१५ कि.मी. काटले. खरे ॲव्हरेज किती? तीन सरासऱ्यांची सरासरी किती येते?

२. एक गाडी ८ ऐवजी १० देऊ लागली, दुसरी १६ ऐवजी २०. दोन्ही २४,००० कि.मी. चालल्या. प्रत्येकीची बचत किती लिटर?

३. एका गाडीचे इंजिन उभे असता तासाला ०.६ लिटर घेते. ती रोज एक तास, महिन्याचे २६ दिवस अशी उभी राहते. लिटरला ९० रुपयांप्रमाणे महिन्याचा खर्च किती?

उत्तरे : (१) १० कि.मी.; सरासऱ्यांची सरासरी सुमारे १०.३. (२) ६०० लिटर, ३०० लिटर. (३) १,४०४ रुपये.

ज्यांच्या घरी गाडी आहे त्यांनी उद्याच्या भरण्यापासून वहीचे पहिले पान सुरू करावे. वर तारीख, मग मीटरचा आकडा, लिटर, रुपये, रस्ता व भार, अशी सहा घरे आखावीत. पाच भरण्या झाल्या की “गाडी किती देते?” याचे उत्तर दुसऱ्या कोणास विचारावे लागणार नाही.